स्क्रिप्टचा क्लिक आणि माणसाचा क्लिक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

इतकं सविस्तर लिहिलंत, एररसुद्धा चिकटवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी मुद्दे थोडक्यात देतो. सेलेनियम म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं साधन, आणि स्क्रिप्टचा क्लिक म्हणजे पेजमध्ये जावास्क्रिप्ट चालवून केलेला क्लिक. ‘सेलेनियममध्ये स्क्रिप्टने क्लिक करू नका’ हा माझा सल्ला तुम्हाला पुस्तकी वाटतो. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीसाठी केलेल्या डिस्पॅच स्क्रीनवर तुम्ही साध्या क्लिकच्या जागी स्क्रिप्टचा क्लिक घातला आणि रोज पडणाऱ्या टेस्ट पास व्हायला लागल्या. शिवाय सेंड कीजने (रकान्यात अक्षरं टाइप करणारी सेलेनियमची आज्ञा) मराठी टाइप होत नाही म्हणून रकाने स्क्रिप्टनेच भरावे लागतात, आणि असिंक स्क्रिप्ट (काम संपल्याचा निरोप येईपर्यंत थांबणारी) दर वेळी टाइमआउट देते, असंही तुमचं म्हणणं आहे.

क्लिकबद्दल जास्त बोलतो, कारण तिथलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

साधा क्लिक करताना ड्रायव्हर (सेलेनियमच्या आज्ञा ब्राउझरकडून करून घेणारा प्रोग्राम, क्रोमसाठी क्रोमड्रायव्हर) आधी बटण सरकवून समोर आणतो, त्याच्या दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढतो, आणि त्या बिंदूवर दुसरंच काही पसरलेलं असेल तर क्लिक न करता ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ अशी एरर देतो. स्क्रिप्टचा क्लिक यातलं काहीच तपासत नाही. तो थेट बटणाचं क्लिक फंक्शन चालवतो. माउस दाबल्याची आणि सोडल्याची इव्हेंट येत नाही, आणि जी क्लिक इव्हेंट येते तिची ‘इज ट्रस्टेड’ (इव्हेंट खऱ्या वापरातून आली का) किंमत फॉल्स असते. बटण झाकलेलं असो, नाहीतर डिस्प्ले नन करून लपवलेलं असो, क्लिक लागतोच. (बटण डिसेबल्ड असेल तर मात्र दोन्ही क्लिक गप्प बसतात, एरर कुणीच देत नाही. म्हणून क्लिकच्या आधी ‘इज एनेबल्ड’ तपासायची सवय ठेवा.)

आता तुमची एरर बघा. तिच्या शेवटी क्रोमड्रायव्हरने क्लिक कुठल्या घटकाला लागला असता ते लिहिलंय: तळाला चिकटलेली ‘एकूण वजन’ची पट्टी. म्हणजे ती पट्टी ‘गाडी सोडा’ बटणावर येते. याची मुख्य कारणं दोन संभवतात. एक तर हेडलेसमध्ये (खिडकी न दाखवता चालणाऱ्या ब्राउझरमध्ये) खिडकीचा आकार ठरवून दिलेला नाही. जुन्या हेडलेस क्रोममध्ये तो आपोआप ८०० बाय ६०० होतो आणि पट्टी बटणावर चढते. नाहीतर गेटवरच्या कॉम्प्युटरवरही ती तशीच चढते. गेटवर १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन आहे असं तुम्ही लिहिलंय, तर विंडो साइझ तेवढीच देऊन टेस्ट पुन्हा चालवा. पास झाली तर दोष टेस्टच्या मांडणीत होता. पडली, तर गेटवरच्या कारकुनालाही ते बटण दाबताना अडचण येऊ शकते. तसं झालं तर कास्टिंग भरलेली गाडी दारात उभी राहील आणि तुमच्या रिपोर्टवर मात्र सगळं हिरवं दिसेल. ‘टेस्ट पास व्हायला लागल्या’ हे वाक्य म्हणूनच मला काळजीचं वाटलं.

पट्टी रास्त असेल, काढता येत नसेल, तर स्क्रिप्टचं काम फक्त सरकवण्याचं ठेवा. ‘स्क्रोल इंटू व्ह्यू’ला ब्लॉकची किंमत ‘सेंटर’ द्या, म्हणजे बटण तळाच्या पट्टीपासून सुटून मध्यावर येईल. पेजच्या सीएसएसमध्ये स्मूथ स्क्रोल असेल तर बिहेवियर ‘इन्स्टंट’ द्या, नाहीतर बटण सरकत असतानाच क्लिक जातो आणि टेस्ट कधी पास, कधी फेल होत राहते. त्यानंतरचा क्लिक साधाच. वर लोडिंगचा पडदा असेल तर तो अदृश्य होईपर्यंत एक्सप्लिसिट वेट (अट पूर्ण होईपर्यंतच थांबणं) लावा, स्लीप (ठरावीक सेकंद थांबणं) नको.

बटणावर कोण बसलंय हे शोधायला मात्र स्क्रिप्ट फार उपयोगी आहे. ‘गेट बाउंडिंग क्लायंट रेक्ट’ने बटणाचा मध्य काढा, तो ‘एलिमेंट फ्रॉम पॉइंट’ला द्या आणि मिळालेला घटक रिटर्न करा. तो बटण असेल किंवा बटणाच्या आतलं आयकॉन असेल तर ठीक. दुसरं काही आलं तर तोच अडथळा. रिटर्न हा शब्द विसरू नका, नाहीतर पायथनमध्ये नुसतं नन मिळतं.

इथे माझी चूक मान्य करतो. ‘एक्झिक्यूट स्क्रिप्ट टाळाच’ (म्हणजे पेजमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारी सेलेनियमची आज्ञा) असं मी सरसकट लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं. पेजवरून वाचण्यासाठी ती उत्तम आहे. ५०० ओळी आणि ८ रकाने असलेला तक्ता एकेक सेल करत वाचला तर ड्रायव्हरला किमान ४,००० फेऱ्या माराव्या लागतात. स्क्रिप्ट तोच तक्ता एका फेरीत यादी करून देते. फक्त टेक्स्ट कंटेंट घेतलंत तर लपलेला मजकूरही येतो, म्हणून इनर टेक्स्ट घ्या. आणि वजन देवनागरी अंकांत असेल तर आकडा पायथनकडे आणून बदला. पायथनचं इंट ‘१२५०’ समजतं, जावास्क्रिप्टचं नंबर त्याचं नॅन (‘आकडा नाही’) करतं.

मराठी टाइप होत नाही, हे मात्र पटत नाही. क्रोमड्रायव्हरची सेंड कीज बीएमपीबाहेरची (युनिकोडच्या पहिल्या, मूळ गटाबाहेरची) अक्षरं नाकारते, आणि देवनागरी बीएमपीच्या आतच आहे. तुमच्या टेस्ट डेटात पत्त्याच्या शेवटी इमोजी आहे, एरर त्याची आहे. ते काढलं की ‘हातकणंगले’ नीट टाइप होईल. व्हॅल्यू स्क्रिप्टने भरण्यात वेगळाच धोका आहे, कारण तुमची स्क्रीन रिअ‍ॅक्टमधली (स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली) आहे. रकान्यात नाव दिसतं, पण ऑन चेंज (बदल टिपणारं फंक्शन) चालत नाही, स्टेट (लायब्ररीने लक्षात ठेवलेली किंमत) जुनीच राहते आणि सेव्ह केल्यावर रिकामा पत्ता जातो. अगदीच गरज पडली तर एचटीएमएल इनपुट एलिमेंटच्या प्रोटोटाइपवरचा मूळ सेटर वापरून किंमत भरा आणि मग बबल्स ट्रू ठेवून इनपुट इव्हेंट पाठवा. किंमतही स्क्रिप्टच्या मजकुरात जोडू नका, आर्ग्युमेंट म्हणून द्या. पत्त्यात एक अवतरण चिन्ह आलं तरी जोडलेली स्क्रिप्ट मोडते.

असिंक स्क्रिप्टचं कारण सोपं आहे. कॉलबॅक (काम संपल्यावर बोलवायचं फंक्शन) नेहमी आर्ग्युमेंट्समध्ये (स्क्रिप्टला दिलेल्या किमतींत) शेवटचा असतो. तुम्ही पावती नंबर पाठवता आणि कॉलबॅक म्हणून शून्य क्रमांकाचं आर्ग्युमेंट धरता, ते तर पावती नंबरच आहे. खरा कॉलबॅक कधी चालत नाही आणि ठरलेले ३० सेकंद संपतात. फेच (सर्व्हरकडून माहिती मागवणं) फसल्यावरच्या कॅचमध्येही (एरर पकडणाऱ्या भागातही) कॉलबॅक हवा.

आधी ‘गाडी सोडा’ची टेस्ट साध्या क्लिकवर परत आणा आणि गेटवरच्या स्क्रीनच्या मापात चालवा. पुन्हा तीच पट्टी आडवी आली तर तिचा सीएसएस इथे टाका, मी बघतो.