खुलासा: जखमी वन्यप्राण्याची खबर दिल्याने गुन्हा दाखल होत नाही

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'रस्त्यावर जखमी प्राणी दिसला तर थांबू नका, कळवलंत तर केस तुमच्यावरच होईल.' हे साफ चुकीचं आहे आणि अशा मेसेजमुळे वाचू शकणारा प्राणी तडफडत मरतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये कळवणाऱ्याला शिक्षा नाही. उलट कलम ३९ नुसार असा प्राणी किंवा त्याचा मृतदेह कुणाच्या ताब्यात आला, तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा होतो तो प्राणी घरी ठेवल्यास किंवा मेलेल्याची कातडी, नखं काढून नेल्यास.

म्हणून गाडी सुरक्षित बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, वन विभागाच्या १९२६ वर फोन करा आणि नेमकी जागा सांगा. जवळ जाऊ नका, गर्दी जमू देऊ नका. तोंडात पाणी तर मुळीच ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

प्राणी मेलेला असला तरी कळवाच. त्याच वळणावर पुन्हापुन्हा मृत्यू होतात हे नोंदीतूनच कळतं आणि गतिरोधक मागायला आधार मिळतो.

सोसायट्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे: कचरा. रस्त्याकडेला टाकलेल्या उष्ट्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ठाण्याजवळच्या जंगलातल्या येऊरला पार्ट्यांसाठी जाणाऱ्यांनीही हे ऐकावं. पावसाळ्यात तिथे रात्री साप, बेडूक रस्त्यावर असतात; गाडी हळू चालवा.