काळी टेप म्हणजे वायरिंग नव्हे!

तीन रविवार गेले माझे. मोटारसायकलच्या हँडलचे गरम होणारे ग्रिप बदलायला तीन रविवार! जुने कापून काढा, नवे बसवा, एवढंच काम होतं. पण हेडलाइट सोडवला आणि आत जे दिसलं त्यानं डोकंच फिरलं.

हेडलाइटची कंपनीची वायर मधेच ब्लेडनं तासलेली. तिच्यावर ग्रिपची वायर पीळ मारून गुंडाळलेली, आणि वरून काळी टेप. बस्स. ना रिले (कमी करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच), ना वेगळा फ्यूज, ना कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग. या कामाचे बाराशे रुपये लेबर घेतले होते ते ग्रिप बसवणाऱ्या दुकानदारानं!

अरे, एक ग्रिप साधारण 18 वॅट खातो. दोन म्हणजे 36, म्हणजे 12 व्होल्टवर 3 अँपिअर. ज्या वायरीवर 55 वॅटचा हॅलोजन आधीच चालू आहे, तिच्यावर हा बोजा का टाकायचा? आणि 2017 पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेतो बंदच होत नाही, म्हणजे त्या वायरीला क्षणाची उसंत नाही. करंट बॅटरीवरून थेट घ्यायचा, बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा आणि इग्निशनच्या वायरीवरून फक्त रिले चालवायचा. चार टर्मिनलचं काम. रिले काही सोन्याचा येत नाही, पुण्यात नाना पेठेत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

याची किंमत मी कुठे मोजली ठाऊक आहे? मनाली-लेह रस्त्यावर, बारालाचा ला खिंडीच्या चढाला. 4,890 मीटर उंची, सप्टेंबरअखेर, अंगावर बर्फमिश्रित पाऊस. उजवा ग्रिप सकाळपासूनच थंड होता. बोटं इतकी बधिर की ब्रेकचा लिव्हर हाताला लागतोय की नाही तेही कळेना. आणि अंधारून येताना हेडलाइट गेला. ती टेप हँडल वळवून वळवून फ्रेमला घासली होती, तांबं उघडं पडलं आणि फ्यूज उडाला. त्या थंडीत हेडलाइटच्या मागे हात घालून ती वायर उपटली, जादाचा फ्यूज लावला, तेव्हा उजेड आला. त्या दहा मिनिटांत समोरून ट्रक येत होते. दिव्याविना उभा होतो मी त्या वळणावर!

उजव्या ग्रिपचं दुखणं वेगळं, आणि तेही त्याच हातचं. वायर अखंड असली की बीप देणारा मल्टिमीटर लावला. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडलेला असताना बीप वाजतो, पिळला की बंद. वायर आतून तुटलेली, वरचं आवरण साबूत. का नाही तुटणार? डावा ग्रिप जागचा हलत नाही, पण उजवा दर वेळी थ्रॉटलबरोबर फिरतो. त्या वायरीला सैल वळसा द्यावाच लागतो. यानं ती झिप टायनं थ्रॉटलच्या केबलला करकचून आवळली होती. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वायर ताणायची आणि जागेवरच इंजिनाचा वेग (आरपीएम) चढायचा. यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे झेपावते, आणि मी वर्षभर कार्ब्युरेटरला दोष देत बसलो!

वर सर्व्हिस सेंटरवाले म्हणे, ‘बाहेरची वायरिंग आहे, वॉरंटीत बसत नाही.’ बरोबरच आहे त्यांचं. कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापलं मी नाही, पण गाडी माझी.

मग बसलो. एक रविवार नुसती चिकट झालेली टेप पेट्रोलनं पुसण्यात गेला. दुसरा कापलेल्या वायरी नीट जोडण्यात, प्रत्येक जॉइंट क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केलं की आवळणारं आवरण. तिसरा ग्रिपचा. जुना ग्रिप इतका चिकटवला होता की कापताना थ्रॉटलची प्लॅस्टिकची नळी चिरली, तीही नवी आणली. ग्रिप आणि बार एंड (हँडलच्या टोकाचं वजन) यांत थोडी फट ठेवली, थ्रॉटल सोडला की खटकन मागे येतो का ते पाहिलं, इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. ही शेवटची तपासणी करायला एक मिनिट लागतं. एक मिनिट! तेवढंही केलं नव्हतं त्यानं.

परवा तो टेपचा गोळा घेऊन त्या दुकानदाराकडे गेलो. पाहिलंसुद्धा नाही नीट. म्हणाला, ‘दादा, वायरच ती, तुटणारच.’

नाही तुटत! नीट बसवली तर वर्षानुवर्षं तुटत नाही!

मागे स्टँडवर एका पोराची नवी कोरी गाडी उभी होती. हेडलाइट सोडवलेला, वायर तासायला हातात ब्लेड घेतलेलं. मी त्या पोराला तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, ‘काम थांबव, गाडी उचल आणि घरी जा.’