वाड्यात गॅलरी काढताय? मग हे कराच!

जुन्या बडोद्यात पुन्हा वर्दळ आणायची टूम निघालीच आहे, तर रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात एखादा पडका वाडा भाड्याने घ्या. चौकात कॅफे टाका, मागच्या दोन खोल्यांत गॅलरी. चित्रकारांची वानवा नाही, फाइन आर्ट्सची फॅकल्टी हाकेच्या अंतरावर आहे. तिथून बाहेर पडून जो मुंबई-दिल्लीला गेला नाही, तो तुमचा ‘स्थानिक कलावंत’.

आधी भिंती घ्या. वाड्याच्या भिंती वीट-चुन्याच्या. जमिनीतली ओल त्या वर ओढतात आणि चुन्यातून हवेत सोडून देतात. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग ताबडतोब बंद पाडा. चुना खरवडा, सिमेंटचा गिलावा करा, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारा. ओल आत कोंडेल आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत क्षार फुटून पोपडे सुटतील. पाहुण्यांना ते इन्स्टॉलेशन आहे असं सांगता येतं. चुन्याचाच गिलावा करणारा कारागीर तो नीट वाळायला काही आठवडे मागेल. त्याला घालवा, उद्घाटनाची तारीख आमदारांनी दिलेली आहे. आणि जवळच्या तांबेकर वाड्यात कुणा पाहुण्याला नेऊ नका. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं एसीशिवाय आजवर टिकलेली पाहून माणसं नको ते प्रश्न विचारतात.

चौकट करताना काच थेट चित्रावर टेकवा. मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची खिडकी, घातला तर काच आणि कागद यांच्यात पोकळी राहते, आणि पैसेही जातात. दमट हवेत काचेच्या आतून पाणी धरलं, की जलरंगाचं चित्र काचेला चिकटतं आणि कायमचं काचेचंच होतं. मागे स्वस्तातला हार्डबोर्ड लावा, म्हणजे त्यातल्या आम्लाने कागद आपोआप पिवळा पडून ‘जुना’ दिसेल. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या चिकटवल्या, तर भिंत आणि चित्र यांच्यातून वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही. पण दोन-चार रुपयांची एवढी उधळपट्टी कशाला?

टांगण्याचा प्रश्न नाजूक आहे. जाणकार म्हणतात, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर असावा. डी-रिंगा, म्हणजे चौकटीच्या मागे लावायच्या टांगण्याच्या कड्या, दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांशावर. भिंतीत दोन स्क्रू. तुम्ही एकच खिळा ठोका, तोही दोन विटांच्या सांध्यात. तिथला चुना भुसभुशीत असल्याने खिळा हळूहळू सैल होतो, चित्र कलतं आणि एका रात्री खाली येतं. विटेत भोक पाडून प्लग बसवला असता तर ही गंमत गेली असती. वरून पट्टी लावून तारांवर चित्रं सोडायची सोय तर बोलूच नका, त्यात दर प्रदर्शनाला नवी भोकं पाडायचा आनंद नाही.

उजेड मात्र भरपूर ठेवा. कागदावरच्या कामाला ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात, तैलचित्राला २००. पण एवढ्या अंधारात सेल्फी येत नाही. फॉल्स सीलिंगमधून हॅलोजन सोडा, तेही बरोबर समोरून. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांत कलवला तर काचेवर झळाळी येत नाही आणि नुसतं चित्रच दिसतं. समोरून सोडला, की प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसतो. तेच बघायला तो आलेला असतो.

उद्घाटनाला समई कॅनव्हासच्या शेजारी ठेवा. बडोद्याचा लिलो चेवडो (ओलसर चिवडा) आणि सेव-उसळ द्या, नॅपकिन देऊ नका. तेलाची बोटं पुसायला कॅनव्हासची मागची बाजू असतेच. उरलेली चित्रं तळघरात, थेट फरशीवर ठेवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली, ते विसरायला एव्हाना पुरेसा वेळ मिळाला आहे.

आता करार. चित्रांची यादी, माप, माध्यम, किंमत, तुमचं कमिशन, विमा कुणाचा, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत, हे सगळं एका पानात बसतं. म्हणूनच ते लिहू नका. ‘आपण घरचेच’ एवढं म्हणा आणि निम्मी किंमत ठेवून घ्या. चौकटीचा खर्च चित्रकाराकडून, फोटोत मात्र तुम्ही मधे. चार महिन्यांनी तो पैसे विचारायला आला, तर चौकात बसवून कॉफी पाजा आणि बिल त्याच्याच खात्यात मांडा.