आयडिया कशी जपावी: सांगलीकरांसाठी खास सल्ला

आपली धंद्याची आयडिया कुणीतरी ढापेल, अशी भीती वाटतेय ना? मग ती नीट जपा. पेटंट एजंटला अवाक्षर सांगू नका. साखरपुड्याच्या पंगतीत मात्र अथपासून इतिपर्यंत सगळं सांगा आणि वर "तुम्हाला म्हणून सांगतो हां" एवढं जोडा. झाला गोपनीयतेचा करार! स्टँपपेपरवर सही मागितली तर पाहुणे रुसतात.

समजा, बेदाण्याची काडी काढणारं मशीन तुम्ही कुपवाडच्या एमआयडीसीत बनवून घेतलंय. फॅब्रिकेटरला ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवा. डोकं कुणाचं, हे कागदावर कुठेही येऊ देऊ नका. मशीन फिरायला लागलं की झाकण काढा आणि चाळणीचा उतार, ब्लोअरची पुली, ब्रशमधलं अंतर स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ यूट्यूबवर टाका. तासगावातल्या प्रत्येक शेडवाल्याने तो पाहिला पाहिजे. पेटंटला शोध नवा लागतो आणि चारचौघांत मांडलेला शोध नवा उरत नाही, मांडणारे खुद्द तुम्ही असलात तरी. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं, तर अर्ज करायला बारा महिन्यांची सवलत असते. आपल्या कृषी प्रदर्शनाचा मांडव त्यात बसतो का, हे विचारत बसू नका; स्टॉल घेऊन टाका.

हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. हे ज्ञान जुनंच आहे असं दाखवून ते रद्द करून घ्यायला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला जुने ग्रंथ आणि लेख धुंडाळावे लागले. १९९७ साली ते रद्द झालं. तुमचं पेटंट पाडायला प्रतिस्पर्ध्याला एवढी उस्तवार नको. लिंक तुम्हीच फॉरवर्ड केलीय.

व्हिडिओआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाकला असता, तर एकट्या माणसाला ऑनलाइन १६०० रुपयांत शोधावर हक्काची तारीख मिळाली असती आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने. पण तेवढ्यात स्टॉलचा फ्लेक्स होतो! चुकून अर्ज टाकलाच असेल, तर तो विसरा. बारा महिन्यांत तपशील गेला नाही की अर्ज सोडून दिला असं धरतात. तपासणीची विनंतीही वेगळी करावी लागते, ३१ महिन्यांच्या आत. हे कानावर आलं तरी आलं नाही असं समजा. 'पेटंटेड' असा स्टिकर मात्र आजच लावा. खोट्या दाव्याला दंड आहे, पण स्टिकर उठून दिसतो.

मशीनची कटकट नको असेल तर ॲप काढा: घरपोच भडंग. धंद्याच्या नुसत्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट नाही, तेव्हा ही आयडिया सर्वांत कडेकोट लपवा. नाव ठेवा 'सांगलीचे खास भडंग'. गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव, यापलीकडे नावात काही नसलं की ट्रेडमार्कवाले हरकत काढतातच. काढू देत, लघुउद्योगाच्या 'उद्यम' नोंदणी दाखल्यावर नाव आहे ना आपलं! लोगो डीटीपीवाल्याकडून करून घ्या आणि रोख पैसे देऊन मोकळे व्हा. लेखी हस्तांतरण नसेल तर कॉपीराइट सहसा चित्र काढणाऱ्याकडेच राहतो. फारच आग्रह झाला तर 'हक्क दिले' एवढी एकच ओळ लिहून घ्या. मुदत लिहिली नाही की कायदा ती पाच वर्षांचीच धरतो.

पुढच्या हंगामात तुमचंच मशीन, निळ्याऐवजी हिरव्या रंगात, वीस हजारांनी स्वस्त विकायला येईल. चिडू नका. माप तंतोतंत तुमचंच आहे. चाळण्या तिथूनच घ्या, स्वस्त पडतील.