रोआयडीवर कायमचा भरवसा नको
एस्क्यूलाइट या डेटाबेसमधील टेबलच्या प्रत्येक ओळीला रोआयडी हा अंतर्गत क्रमांक आपोआप मिळत असल्यामुळे वेगळा आयडी स्तंभ ठेवण्याची गरज नाही, हे पायथॉनमधून एस्क्यूलाइट वापरण्याविषयीच्या लेखातील विधान मला धोकादायक वाटते. इंटिजर प्रायमरी की (ओळ ओळखण्याचा पूर्णांकी मुख्य स्तंभ) घोषित केलेली नसेल, तर व्हॅक्यूम ही रिकामी जागा काढून फाइल नव्याने रचणारी आज्ञा चालवल्यावर हे क्रमांक बदलू शकतात. एका वाचनालयासाठी मी पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सभासद क्रमांक ‘अ-१०२’ असा मजकूर स्वरूपात होता आणि पावत्यांच्या टेबलमध्ये मी सभासदाचा रोआयडी साठवत असे. जुने सभासद वगळून व्हॅक्यूम केल्यावर कित्येक पावत्या भलत्याच नावांवर दिसू लागल्या, आणि त्या कागदी पावतीपुस्तकाशी एकेक ताडून दुरुस्त कराव्या लागल्या.

‘आयडी इंटिजर प्रायमरी की’ असा स्तंभ घोषित केला की तोच रोआयडीचे दुसरे नाव ठरतो, त्यासाठी वेगळी जागा लागत नाही आणि व्हॅक्यूमनंतरही क्रमांक टिकतो. मात्र सर्वांत मोठ्या क्रमांकाची ओळ पुसल्यास तोच क्रमांक पुढच्या ओळीला पुन्हा मिळतो, म्हणून हिशेबाच्या नोंदींसाठी, वापरलेला क्रमांक पुन्हा न देणारा ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द त्या घोषणेला जोडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पायथॉनमध्ये डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या कर्सरच्या लास्टरोआयडीबद्दलही (शेवटी भरलेल्या ओळीच्या क्रमांकाबद्दलही) लेखात खुलासा हवा होता: अनेक ओळी भरणाऱ्या एक्झिक्यूटमेनीने शंभर ओळी एकदम भरल्या तरी ते मूल्य बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीचा क्रमांक हवा असेल तर एका वेळी एकच आज्ञा चालवणारे एक्झिक्यूट प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्रपणे चालवून तो लगेच वाचून घ्यावा.