डॉ. डेमिंग टोयोटाचे इंजिनिअर नव्हते

मंडळी, क्वालिटीवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ‘टोयोटाचे इंजिनिअर डॉ. डेमिंग यांनी टोयोटाची उत्पादनपद्धत शोधली.’ मंगळवारी मीही तो पुढे पाठवला. माहिती चुकीची आहे, म्हणून हा खुलासा.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग (1900–1993) हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, पीएच.डी. येल विद्यापीठाची, नोकरी मात्र अमेरिकेच्या कृषी खात्यात आणि मग जनगणना खात्यात. 1947 मध्ये ते जपानला गेले तेही जनगणनेच्या तयारीत मदत करायला. 1950 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने गुणवत्ता नियंत्रणावर त्यांची व्याख्यानं ठेवली. व्याख्यानांची टिपणं छापून विकली गेली, त्याचं मानधन डेमिंगनी संघटनेलाच देऊन टाकलं आणि त्यातूनच गुणवत्तेसाठी दिलं जाणारं डेमिंग पारितोषिक उभं राहिलं. हे संघटनेनेच प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आहे. टोयोटाला ते पारितोषिक 1965 मध्ये मिळालं. घोळ बहुधा इथेच झाला असावा.

टोयोटाच्या पद्धतीमागे प्रामुख्याने कंपनीतलेच इंजिनिअर ताइची ओनो होते. वर्षानुवर्षं शॉप फ्लोअरवर राबलेल्या माणसाचं श्रेय असं दुसऱ्याच्या नावावर जाणं मला खरंच टोचतं.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.