व्हीसीआरनं टीव्ही जळत नाही, पण उन्हानं कॅसेट जाते

“सावधान! जुना व्हीसीआर नव्या एलईडी टीव्हीला जोडू नका, मागून करंट येऊन पॅनल जळतं. जोडायचाच असेल तर एचडीएमआयची वायर घ्या आणि चॅनल 3 लावा. दहा वर्षांपूर्वीच्या टेपा तशाही पुसल्या गेल्या आहेत. बुरशी आलेल्या कॅसेटा दोन तास कडक उन्हात ठेवा. सर्वांना पाठवा.”

पहिल्या वाक्यात जोडू नका, दुसऱ्यात कसा जोडायचा ते. हा मजकूर माझ्याकडे आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग तो नागपुरात त्रिमूर्तीनगरला आत्याकडे पोचला आणि तिनं आत्येभावाच्या लग्नाच्या कॅसेटा भंगारवाल्यासाठी पोत्यात भरल्या. फोनवर म्हणे, “जाऊ दे न बाप्पा, टीव्ही जळला तर कोण भरून देईन?” आता उत्तर देणं भाग आहे.

आधी करंट. भिंतीतून येणारे 230 व्होल्ट व्हीसीआरच्या पोटातच राहतात. टीव्हीकडे जातो तो नुसता सिग्नल. आत्याच्या मशीनचं मॅन्युअल अजून खोक्यात आहे, त्याच्या शेवटच्या पानावर छापलंय: व्हिडिओ आउटपुट 1 व्होल्ट, 75 ओहम. रिमोटमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो, हे त्याहून कमी. आणि ही त्या एका कंपनीची मेहेरबानी नव्हे. पिवळ्या पिनेतून जाणाऱ्या चित्राचं ठरलेलं मापच ते आहे, आणि आजच्या टीव्हीचं एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) सॉकेटही त्याच मापासाठी बनवलेलं असतं. एका व्होल्टानं पॅनल जळत असतं तर ती सॉकेटं कंपन्यांनी ठेवलीच नसती.

अफवेचं मूळ कुठं असावं याचा मला अंदाज आहे. टेप जुनी असली की सिग्नल डळमळतो. जुने डबे टीव्ही अशा वेळी पडद्यावर मुंग्या दाखवायचे, नवे बरेचसे टीव्ही चित्रच घालवतात आणि ‘नो सिग्नल’ लिहून मोकळे होतात. माणूस घाबरतो, जळला म्हणतो. डळमळणारं चित्र जागेवर आणणारं व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहत नाही.

अर्धं खरं आहे तेवढं नाइलाजानं मान्य करतो. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बिघडलेले असू शकतात. म्हणून पहिल्यांदा व्हीसीआर एकटाच सुरू करा, टीव्हीला न जोडता. जळका वास आला तर मेकॅनिककडे न्या. पिना लावताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा. आणि व्हीसीआरची अँटेनाची वायर सेट-टॉप बॉक्सच्या डिशवाल्या सॉकेटात खुपसू नका, कारण तिथून छतावरच्या डिशसाठी 13 ते 18 व्होल्ट बाहेर पडत असतात. म्हणजे इथं काही बिघडलंच तर व्हीसीआरचं बिघडेल, टीव्हीचं नाही. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं उलटं सांगितलंय.

एचडीएमआयची वायर. एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती वायर मिळते, ती घेऊन पैसे घालवू नका. व्हीसीआरचं चित्र अॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. मधे बदल करणारी डबी लागते आणि तिला यूएसबीवरून वीज द्यावी लागते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घ्यायला गेलात तर डबीवर ‘एव्ही टू एचडीएमआय’ छापलंय ना ते वाचा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ अशी उलटीही डबी असते, दिसायला तशीच, आणि गर्दीत दुकानदार हाताला लागेल ती देतो.

पण त्याआधी टीव्ही फिरवून मागं बघा तरी! बऱ्याच टीव्हींत पिवळ्याची जागा हिरव्या सॉकेटात असते, कडेला तसं लिहिलेलं असतं. पिवळी पिन त्यात घाला, पांढरी आणि लाल आपापल्या जागी, आणि रिमोटवर सोर्समध्ये जाऊन ‘एव्ही’ निवडा. चित्र काळं-पांढरं आलं तर सोर्स ‘कॉम्पोनंट’वर राहिलाय. काही टीव्हींत इअरफोनसारखं एकच भोक असतं, त्याला टीव्हीसोबत आलेली छोटी वायर लागते. हँडीकॅमची वायर हुबेहूब तशीच दिसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग स्पीकरमधून घूं आवाज येतो आणि पडदा कोरा.

चॅनल 3 हा अमेरिकेतला सल्ला आहे. आपल्याकडची पाल (भारतातली टीव्ही-सिग्नलची पद्धत) मशीन अँटेनाच्या वायरीनं जोडली तर बहुधा यूएचएफ या वरच्या चॅनलांच्या पट्ट्यात 36 च्या आसपास सापडते. पिवळी पिन लावली असेल तर चॅनलची भानगडच नाही.

टेप पुसली जाते? रंग फिके होतात, पांढरे ओरखडे दिसतात, तेवढं खरं. पण नीट ठेवलेली टेप तीस वर्षांनीही चालते. दुर्मीळ होतंय ते मशीन: व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा कॅसेट चालली की लगेच डिजिटल प्रत करून घ्या.

आता ऊन, आणि इथं मला खरा राग येतो. हा सल्ला नागपुरात फिरतोय, जिथं मे महिन्यात पारा 45 वर जातो आणि गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. टेप म्हणजे अर्धा इंच रुंदीची पॉलिस्टरची पट्टी, तिच्यावर चुंबकीय थर. चित्राची एकेक रेघ सुमारे 49 मायक्रॉन, केसाहून बारीक, आणि मिनिटाला 1500 फेऱ्या घेणाऱ्या ड्रमवरचं हेड ती वाचतं. उष्णतेनं पट्टी कुठं ताणली, कुठं आकसली की हेडला रेघ सापडत नाही. काळं प्लॅस्टिकचं खोकं वाकतं ते वेगळंच. बुरशी मात्र तिथंच, फक्त वाळलेली, आणि ती कॅसेट मशीनमध्ये घातली की हेडवर बसते. तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. बुरशीची पांढरी जाळी खिडकीतून दिसत असेल तर कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करणाऱ्याकडे द्या, घरच्या मशीनमध्ये घालू नका.

ज्यांनी कॅसेटा आधीच गच्चीवर नेल्यात त्यांनी त्या आत आणाव्या आणि सावलीत, पंख्याखाली नाही, दिवसभर तशाच राहू द्याव्या. मग जाळी न दिसणाऱ्यांतली सगळ्यात नकोशी कॅसेट आधी लावून बघावी. लग्नाची नंतर.